अ‍ॅट्रोपिनच्या शेजारी नॅलॉक्सोनही ठेवा : बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, मा. पोलीस अधीक्षक, तसेच निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, अथणी व कागवाड तालुक्यांचे आरोग्य अधिकारी आणि औषध विक्रेते

महोदय,

आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात कीटकनाशकाच्या विषावर उतारा असलेले अ‍ॅट्रोपिन नाही, असे कुणी म्हटले तर त्या दिवशीच धावाधाव होईल. ऊस, तंबाखू आणि भाजीपाल्याचा हा मुलूख. फवारणीचे औषध घराघरात असते. कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण कुठल्याही रात्री दारात येईल, हे धरूनच आपली यंत्रणा चालते. आमची मागणी त्याच ट्रेमधल्या आणखी एका अँपूलची आहे. अफूवर्गीय औषधांमुळे श्वास मंदावलेल्या माणसासाठी नॅलॉक्सोन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, प्रत्येक तालुका रुग्णालयात आणि प्रत्येक १०८ गाडीत असावे. शिवाय ते कधी चालते, कधी चालत नाही, हे तिथल्या प्रत्येक नर्सला आणि डॉक्टरला तोंडपाठ असावे.

औषध नवे नाही. १९६१ मध्ये त्याचे पेटंट निघाले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत ते आहे आणि आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही आहे : इंजेक्शन, ०.४ मिग्रॅ प्रति मिली. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याखाली ते येत नाही. त्याची नशा होत नाही, सवय लागत नाही. मॉर्फिनसाठी ठेवावी लागणारी कुलूपबंद कपाटे आणि वेगळ्या नोंदवह्या याला लागत नाहीत. चिठ्ठीवर मिळणारे ते साधे औषध आहे.

ते काम कसे करते? हेरॉइन, मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल ही सगळी मेंदूतल्या म्यू नावाच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर, म्हणजे औषधाने जाऊन बसायच्या पेशींवरच्या जागांवर) जाऊन बसतात. त्यातून वेदना कमी होते, सुख वाटते. पण मेंदूच्या देठात श्वासाची लय सांभाळणारे केंद्रही याच ग्राहींच्या हुकमाखाली असते. मात्रा वाढली की ते केंद्र सुस्तावते आणि माणूस श्वास घ्यायला विसरतो. नॅलॉक्सोनची या ग्राहींवरची पकड बहुतेक अफूवर्गीयांपेक्षा घट्ट असते, पण तिथे बसून ते स्वतः काहीच करत नाही. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरावी, तसे ते जागा धरते आणि बाकीच्यांना उभे ठेवते. रुमाल ३० ते ९० मिनिटांत उडतो आणि उभे असलेले अजून गाडीतच असतात. या औषधाचे सगळे सामर्थ्य आणि सगळा धोका एवढ्यात आला.

याची गरज फक्त टोचून घेणाऱ्यांना आहे, ही समजूत आधी बाजूला ठेवूया. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूवर्गीय पदार्थ वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २.१ टक्के आढळले आणि त्यात दुकानात मिळणाऱ्या वेदनाशामकांचा वाटा मोठा होता. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात घरी मॉर्फिनच्या गोळ्या घेणारे रुग्ण आपल्याकडे आहेत. मूत्रपिंड थकले की तीच नेहमीची मात्रा त्यांच्या अंगात साचते. कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेणारा माणूस त्यावर दारू पितो. डायफेनॉक्सिलेट हे अफूवर्गीय असलेल्या, जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मूल खाऊ म्हणून गिळते. अशा मुलाचा श्वास कित्येक तासांनी पुन्हा मंदावू शकतो, म्हणून त्याला २४ तास नजरेखाली ठेवावेच लागते. आणि सर्वांत जास्त धोका असतो काही आठवडे नशेपासून दूर राहिलेल्या माणसाला. हिंडलगा कारागृहातून सुटलेला असो की व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला, त्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी जी मात्रा पचत होती, तीच आता जीव घेते. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत वाईट.

आता ओळखण्याविषयी. घरचे लोक म्हणतात, ‘घोरतोय, झोपू दे, उतरेल.’ अशा माणसाचे ते घोरणे म्हणजे जीभ मागे पडून अडलेला श्वास असतो. त्याला मोठ्याने हाक मारा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या बोटांनी जोरात घासा. प्रतिसाद नसेल तर छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दहापेक्षा कमी श्वास, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक बाहुल्या आणि शुद्ध नाही, हे तीन एकत्र दिसले की अफूवर्गीय विषबाधा धरून चालावे. सावळ्या त्वचेवर निळेपणा चटकन दिसत नाही. ओठांच्या आतली बाजू, हिरड्या आणि नखे पाहावीत. तिन्ही खुणा जुळेपर्यंत थांबूही नये. ट्रॅमाडॉलमध्ये बाहुल्या बारीक असतीलच असे नाही, आणि मेंदूला फार वेळ प्राणवायू मिळाला नाही तर त्या उलट मोठ्या होतात. शेवटी निर्णय श्वासावर.

आमच्या भागात सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बारीक बाहुल्या आणि बेशुद्धी ही फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फरस विषाचीही खूण आहे. निपाणी-चिकोडी पट्ट्यात किंवा अथणीच्या ऊसभागात असा रुग्ण आला की पहिला हात अ‍ॅट्रोपिनकडे जातो, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर असते. फरक ओलेपणात आहे. कीटकनाशकाचा रुग्ण ओला असतो : दरदरून घाम, तोंडाला लाळ आणि फेस, डोळ्यांना पाणी, उलटी-जुलाब, छातीत घरघर. स्नायू कातडीखाली फडफडतात आणि कपड्यांना औषधाचा उग्र वास येतो. अफूवर्गीयांचा रुग्ण बहुधा कोरडा असतो. त्याचा श्वास संथ, उथळ आणि लांबलेला असतो. नाडी दोघांचीही मंद असू शकते, तिच्या भरवशावर राहू नये.

चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. अफूवर्गीयाच्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिनवर अ‍ॅट्रोपिन दिले तर बाहुल्या मोठ्या होतात आणि निदानाची खूणच पुसली जाते. नाडी पळते, अंग तापते, भ्रम होतो, आणि मंदावलेला श्वास मात्र होता तिथेच राहतो. उलट कीटकनाशकाच्या रुग्णाला नॅलॉक्सोन देऊन वाट पाहत बसले तर फुप्फुसे भरत जातात. शंका असेल तर नॅलॉक्सोन ०.४ मिग्रॅ द्यावे आणि ते देत असतानाच दुसऱ्याने अ‍ॅट्रोपिन भरावे. अंगात अफूवर्गीय नसेल तर नॅलॉक्सोनने काही बिघडत नाही. पण ओल्या रुग्णाचे अ‍ॅट्रोपिन त्यासाठी एक मिनिटही थांबवू नये. हातमोजे घालणे, कपडे काढणे, अंग साबणाने धुणे हे तर आपले कर्मचारी करतातच. बोटाच्या थेंबावर साखरही तपासावी. साखर उतरलेला मधुमेही ‘नशेत आहे’ म्हणून बाकावर पडून राहता कामा नये.

दारू, गांजा, एमडी (मेफेड्रोन), झोपेच्या नायट्राझेपाम-अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, यांपैकी कशावरही नॅलॉक्सोन चालत नाही. त्यांचे ग्राही वेगळे. मात्र आजकाल नशा एकाच पदार्थाची क्वचित असते. गोळ्या आणि दारू एकत्र घेतल्या जातात. श्वास मंद असेल तर नॅलॉक्सोन द्यावे, त्यात जेवढा वाटा अफूवर्गीयांचा असेल तेवढा उतरेल. झोपेच्या गोळ्यांवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे खरा, पण रोज त्या गोळ्या घेणाऱ्याला त्याने झटके येऊ शकतात, म्हणून प्राथमिक केंद्रात त्याच्या वाटेला जाऊ नये. ट्रॅमाडॉलमध्येही झटक्यांचा धोका असतो आणि नॅलॉक्सोन त्याचा परिणाम अर्धवटच उतरवते. अशा रुग्णाला वेळ न घालवता तालुक्याला हलवावे.

द्यायची रीत. आधी १०८ ला फोन. सीमेवरच्या गावांतून बोलताना गाव, तालुका आणि राज्य, तिन्ही सांगावीत. मग डोके मागे कलवून हनुवटी उचलावी, तोंडात काही अडकले असेल तर काढावे आणि दर पाच सेकंदांना एक श्वास द्यावा; केंद्रात असाल तर अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने. श्वास आधी, सुई नंतर. हा क्रम उलटा झाला तर औषध वेळेत देऊनही मेंदू वाचत नाही. कीटकनाशकाचा संशय असेल तेव्हा तोंडाने श्वास देऊ नये, बॅगच वापरावी. त्यानंतर ०.४ मिग्रॅ, म्हणजे एक अँपूल, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. वेळच नसेल तर पातळ कपड्यावरूनही चालते. स्नायूत दिल्यावर परिणाम दिसायला २ ते ५ मिनिटे लागतात. २-३ मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी अँपूल द्यावी, तोवर श्वास देणे चालूच. २० किलोपर्यंतच्या मुलाला किलोमागे ०.१ मिग्रॅ.

शिरेतून देता येत असेल तर एक अँपूल सलाइनमध्ये मिसळून १० मिली करावी. प्रत्येक मिलीत ०.०४ मिग्रॅ येते. रोज अफूवर्गीय घेणाऱ्याला, विशेषतः घरी मॉर्फिनवर असलेल्या कर्करुग्णाला, यातले एक-एक मिली दर २-३ मिनिटांनी द्यावे. ध्येय एवढेच, की श्वास मिनिटाला १२ च्या वर जावा. तो उठून बसावा, बोलावा, ही अपेक्षा ठेवू नये. झटकन सगळे उतरवले तर उलट्या, अंगदुखी, घाबरेपणा, मारामारी सुरू होते. त्याच अवस्थेत तो उठून निघून जातो, कधीकधी फुप्फुसात पाणीही होते. कर्करुग्णाची तर आवरलेली वेदना एका क्षणात परत येते. बुप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय औषधाची पकड मात्र नॅलॉक्सोनपेक्षाही चिवट असते. तिथे जास्त मात्रा लागते. एकूण १० मिग्रॅ देऊनही काही फरक नसेल तर कारण दुसरे आहे, असे समजून नव्याने शोध घ्यावा.

अँपूल नाकात शिंपडण्याची कल्पना बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. परदेशात नाकात मारायचा ४ मिग्रॅचा फवारा मिळतो, २०२३ पासून अमेरिकेत तो चिठ्ठीशिवायही मिळतो. पण त्यात तेवढी मात्रा अगदी थोड्या द्रवात कोंबलेली असते. नाकपुडी अर्धा ते एक मिलीच शोषू शकते. आपल्या अँपूलमधले एक मिली नाकात घातले तर ०.४ मिग्रॅपैकी निम्मेही रक्तात पोचणार नाही. अँपूल स्नायूसाठीच आहे.

रुग्ण शुद्धीवर आला म्हणजे काम झाले, ही यातली सर्वांत जीवघेणी समजूत. नॅलॉक्सोन तासाभरात ओसरते. बारा तास चालणारी मॉर्फिनची गोळी किंवा मेथाडोन त्यानंतरही अंगात असते. माणूस घरी जातो, झोपतो आणि पहाटे त्याचा श्वास पुन्हा थांबतो. म्हणून शेवटच्या मात्रेनंतर किमान दोन तास केंद्रात बसवून ठेवावे. लांब चालणारी गोळी घेतली असेल तर तालुक्याला दाखल करावे. तिथे सलाइनमधून चालू ठेवायचे तर ज्या मात्रेने श्वास परतला तिचा दोन तृतीयांश भाग दर तासाला द्यावा. ०.८ मिग्रॅने परतला असेल तर तासाला साधारण ०.५ मिग्रॅ, सहा तासांना ३ मिग्रॅ, म्हणजे आठ अँपूल. साठ्याचा हिशोब या आकड्यावर करावा. प्राथमिक केंद्रात १० आणि तालुका रुग्णालयात ५० अँपूल असाव्यात, असे आमचे मत आहे. एखाद्या ठिकाणी दोन अँपूल ठेवून ‘उपलब्ध’ अशी नोंद करणे म्हणजे काहीच न ठेवणे.

औषध विक्रेत्यांसाठी स्वतंत्र लिहायला हवे. नॅलॉक्सोन आणि नॅल्ट्रेक्सोन ही भावंडे आहेत, पण कामे वेगळी. नॅल्ट्रेक्सोन ५० मिग्रॅची गोळी त्याच ग्राहींना दिवसभर अडवून धरते. अफूवर्गीय व्यसन सुटल्यावर पुन्हा पडू नये म्हणून आणि दारूची ओढ कमी व्हावी म्हणूनही ती देतात. तिच्यासाठी अट कडक आहे : शेवटची अफूवर्गीय मात्रा घेऊन ७ ते १० दिवस उलटलेले असावेत, यकृताची तपासणी झालेली असावी, आणि शंका असेल तर आधी नॅलॉक्सोनची लहान मात्रा देऊन पाहावे. चालू व्यसनात ही गोळी गेली तर उलट्या, जुलाब, पोटात कळा, असह्य अंगदुखी सुरू होते. नॅलॉक्सोनने आलेला असा त्रास तासा-दोन तासांत निवळतो. गोळीने आलेला दोन दिवसही पुरतो आणि पाणी कमी होऊन रुग्ण दाखल करावा लागतो.

हे इतके सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे ‘दारू सोडवायची गोळी’ चहात किंवा आमटीत गुपचूप घालण्याची पद्धत आहे. बहुतेक वेळा ती डायसल्फिरामची असते. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून मृत्यूही येऊ शकतो. आता त्या जागी नॅल्ट्रेक्सोन मागितली जाते. नवऱ्याच्या व्यसनाने पिचलेल्या बाईचा त्यामागचा हेतू आम्हाला समजतो आणि तिला झिडकारू नये. पण तो माणूस पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेत असेल, तर त्या रात्री घरात काय होईल हे तिला कुणी सांगितलेले नसते. चिठ्ठीशिवाय ही गोळी देऊ नका. तिला १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक द्या. राज्याच्या मनोचैतन्य उपक्रमात तालुका पातळीवर मंगळवारची मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे पाठवा. धारवाडची मानसोपचार संस्थाही आपल्याला लांब नाही. आणि ज्याची नॅल्ट्रेक्सोन रीतसर चालू आहे, त्याच्या पाकिटात तशी चिठ्ठी हवी : अपघात झाला तर नेहमीच्या मात्रेत मॉर्फिन त्याला लागू पडणार नाही, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी गोळी तीन दिवस बंद करावी लागेल. गोळी सोडून परत नशेकडे वळलेल्याची जुनी मात्रा त्याला मारू शकते, हेही त्याच चिठ्ठीवर लिहावे.

गांजासाठी असे अडवणारे औषध का नाही, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. गांजाच्या ग्राहींना अडवणारे रिमोनाबंट वजन कमी करण्यासाठी बाजारात आले होते. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये युरोपात त्याची विक्री थांबवावी लागली. ग्राही अडवला म्हणजे नेहमी भलेच होते असे नाही. अफूवर्गीयांच्या बाबतीत मात्र दशकानुदशकांचा अनुभव पाठीशी आहे.

पोलीस अधीक्षकांना विनंती. सोबतचे मित्र बेशुद्ध माणसाला दवाखान्याच्या फाटकाशी सोडून पळतात ते आपल्या भीतीने. त्याने काय घेतले, किती वाजता, किती गोळ्या, हे सांगणारा साक्षीदार त्यांच्याबरोबर निघून जातो आणि डॉक्टरांना अंधारात काम करावे लागते. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये, थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे. मित्राला आणून सोडणाऱ्यासाठी अशी स्पष्ट तरतूद नाही. म्हणून जिल्ह्यापुरती एक लेखी सूचना काढावी : रुग्ण आणणाऱ्याची त्या वेळी दवाखान्यात चौकशी करू नये, त्याला आधी डॉक्टरांशी बोलू द्यावे. विकणाऱ्यांवरची कारवाई याने जराही सैल होत नाही.

भाषेविषयी एकच. ट्रेवरचा तक्ता, १०८ मधले कार्ड, आशांचे माहितीपत्रक कन्नडमध्ये असावेच, आणि त्याच कागदावर खाली मराठीतही असावे. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात गाडी पोचायला वेळ लागतो, फोनला रेंज नसते. तिथे पहिली दहा मिनिटे घरच्यांच्याच हातात असतात, आणि घरच्यांना वाचता येईल त्या भाषेत ‘कुशीवर वळवा, एकटे सोडू नका, लिंबूपाणी पाजू नका’ एवढे तरी लिहिलेले असले पाहिजे. लिंबू, ताक, मिठाचे पाणी, थंड पाण्याची बादली यांनी शुद्ध येत नाही. बेशुद्धाच्या घशातून ते पाणी फुप्फुसात जाते.

जवळच्या माणसांच्या हाती हे औषध असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली आहे. आपल्याकडे ते चिठ्ठीचे इंजेक्शन असल्याने गावोगाव वाटण्याचा निर्णय राज्य पातळीवर व्हावा लागेल, तो प्रस्ताव आपण पाठवावा. तोपर्यंत जिल्ह्यातच होण्यासारखे बरेच आहे. घरी मॉर्फिनवर असलेल्या रुग्णाच्या एका नातेवाइकाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन अँपूल, दोन सिरिंज आणि अर्ध्या तासाचे शिक्षण द्यावे. हिंडलग्याहून सुटणाऱ्या व्यसनी बंद्याच्या घरच्यांनाही तसेच, सुटकेच्या आधीच्या भेटीत. १०८ च्या गाड्या उन्हात उभ्या असतात; अँपूल उजेडापासून दूर, बंद डब्यात, ड्रायव्हरच्या काचेपासून लांब ठेवाव्यात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ट्रेमधले अ‍ॅट्रोपिन तपासताना नॅलॉक्सोनचीही मुदत पाहावी आणि मुदत संपायला तीन महिने उरलेल्या अँपूल जास्त रुग्ण येणाऱ्या तालुका रुग्णालयाकडे वळवाव्यात. वापरलेली अँपूल ४८ तासांत भरून द्यायची जबाबदारी कुणाची, त्या फार्मासिस्टचे पदनाम आदेशातच असावे.

पुढच्या औषध खरेदीच्या मागणीपत्रात ही नोंद यावी, ही विनंती.

आपले,
बेळगाव सीमाभागातील काही डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट